अप्पांचं शेकरू

सीमाभागातल्या कोळारच्या आमच्या गोडाऊनमध्ये मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. माल ट्रक येऊन घेऊन जातो, किस्से न्यायला कुणी येत नाही! त्यातले निम्मे सिद्रामअण्णांचे. अण्णा आमचे पॅकिंगचे सुपरवायझर. त्यांना एकदा शेकरू बघायचंय. शेकरू म्हणजे झाडावर राहणारी, मांजराएवढी मोठी खार. पाठ तांबडी, शेपूट अंगापेक्षा लांब.

हे वेड मूळचं त्यांच्या वडिलांचं. अप्पा गावी, मादन हिप्परग्याला असतात. तरुणपणी बैलगाडी घेऊन चिंचोळीच्या जंगलात लाकडाला गेले होते, तिथं त्यांना शेकरू दिसलं. गावात आजवर कुणी ते खरं मानलं नाही. आता अप्पा खाटेला खिळलेत आणि फोनवर एकच विचारतात, "दिसलं का रं?"

म्हणून दर सुट्टीच्या दिवशी अण्णा, फोर्कलिफ्टवाला राजकुमार, ट्रक ड्रायव्हर नसीर आणि मी, दोन मोटारसायकलींवर चिंचोळीला!

*

पहिल्याच खेपेला फॉरेस्ट गार्ड भेटला. कानडीत समजावू लागला, "त्याला उंच, जुनी झाडं लागतात. फांदीला फांदी भिडलेली. जमिनीवर उतरायला ते घाबरतं. इथं दोन झाडांमधून बस वळते, ते उडी कसं मारणार?"

अण्णा म्हणाले, "मग बसनं यावं की!"

गार्ड हसला नाही. शेकरूला मारलं तर जेल आहे, जंगलं तुटताहेत तसं ते कमी होतंय, पण जगाच्या हिशेबात अजून फार धोका नाही, असं त्यानं सांगितलं.

"जगात नसंल," अण्णा म्हणाले. "आमच्यात जनावरच न्हाई, मग धोका कुणाला?"

*

एकदा नसीर ओरडला, "वो देखो! दुम!" समोरच्या झाडात तांबडं काहीतरी लोंबत होतं. आम्ही चौघं पोटावर सरपटत निघालो. अण्णांचा शर्ट काट्यात फाटला. झाडाखाली एक धनगर भाकरी खात बसला होता.

"काय बघायलाव?"

"शेपूट!" राजकुमार कुजबुजला.

धनगरानं वर बघितलं. "टावेल हाय माझा. वाळला असंल तर काढून द्या खाली!"

*

अण्णांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. माहेर चिटगुप्प्याचं. एकदा आम्ही मोटारसायकल सुरू करत होतो, तेव्हा दारातून म्हणाल्या, "लोकाचे नवरे बाईमागं जातेत, दारूमागं जातेत. माझा खारीमागं जायलाय! माहेरात काय सांगू?"

"दारूच सांगा, अक्का," राजकुमार म्हणाला. "लोकांना लगेच पटंल!"

*

राजकुमारनंच एकदा सोपा उपाय काढला. "अण्णा, भीमाशंकरला जाऊ की. महाराष्ट्राचा राज्यप्राणी हाय ते. फोटो काढू, अप्पास्नी दाखवू."

"तिथं दिसतंयच की," अण्णा म्हणाले. "अप्पानं हितं बघितलंय."

परतताना चहाच्या टपरीवर थांबलो. आमच्याकडची माणसं पुण्याला जातात, हैदराबादला जातात आणि तिकडचीच होतात. आणि आम्ही एका खारीनं इकडं यावं म्हणून बसलो होतो. मला आता ती अप्पांपेक्षाही जास्त हवी होती. नसीरनं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "याँ से सब जाते, अण्णा. याँ कोई आता नै."

*

मग अप्पांनी जेवण सोडलं. "दिसलं का?" एवढं मात्र विचारायचे. अण्णाही कामावरून डबा न उघडताच परत नेऊ लागले.

राजकुमारला ते बघवेना. त्यानं नसीरला सोबत घेतलं, जंगलाच्या कडेला अर्जुनाच्या उंच झाडावर चढला आणि काटक्या-पानांचं मोठं गोल घरटं बेचक्यात बांधून आला. शेकरूचं असतं तसंच! मलाही सांगितलं. अण्णांना तेवढं सांगितलं नाही.

रविवारी झाडाखाली थांबून राजकुमार म्हणाला, "अण्णा, वर बघा!"

अण्णांनी दुर्बीण लावली. मी नुसत्या डोळ्यांनी वर बघितलं. काटक्यांमधून पॅकिंगची निळी पट्टी चमकत होती! आमच्याच गोडाऊनची. राजकुमार कानापर्यंत लाल झाला.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग दुर्बीण माझ्या हातात देऊन त्यांनी फोन लावला.

"अप्पा? सापडलं. व्हय, घर सापडलं त्याचं. तुम्ही सांगितलं तिथंच... न्हाई, जनावर न्हाई दिसलं. भाईर गेलंय. तुम्ही जेवा आता."

फोन खिशात ठेवला, डोळे पुसले आणि राजकुमारकडं न बघताच म्हणाले, "पट्टी सैल हाय. वाऱ्यानं पडंल. वर जा, नीट आवळून ये."