सावळीरामचा ताळा आणि उणे तीन

सावळीराम पगारे हा नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतला टायपिस्ट. सीबीएस बसस्थानकासमोर कोर्टाच्या आवारात त्याचं टेबल होतं. त्याच्याकडे अर्ज टाईप करायला आलेल्या माणसाला अर्जासोबत थोडी अक्कलही फुकट मिळायची. कोणी "मंगळवार, सात तारीख" सांगितलं आणि सात तारखेला बुधवार असला, तर हा न विचारता बुधवार करून मोकळा व्हायचा. "चुकीचा कागद माझ्या मशीनमधून बाहेर पडत नाय, गुरुजी," असं मला वरचेवर ऐकवायचा. मी निवृत्त भूगोल मास्तर आणि त्याचा भिंतीला भिंत लागलेला शेजारी, त्यामुळे ऐकून घेणं भागच होतं.

त्याची दुसरी शिस्त म्हणजे ताळा. टाईप झालेला कागद एकानं मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं आपल्या कागदावर बोट फिरवत ऐकायचं आणि फरक दिसला तर थांबवायचं. ताळा झाल्याशिवाय तो कागद पक्षकाराच्या हातात देत नसे. शिस्त चांगलीच होती. तिनंच पुढं घात केला.

नव्याण्णव साल उजाडेपर्यंत कोर्टाच्या आवारात कॉम्प्युटर येऊन बसले आणि सावळीरामच्या टेबलासमोरची माणसं तिकडं वळली. त्याची सून पायल देवळ्याची, बारावी झालेली. लग्नानंतर तिनं डेटा एंट्रीचा कोर्स केला होता. तिच्या हट्टानं नवऱ्यानं, म्हणजे राकेशनं, एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. पण काम येईना. कॉम्प्युटरवर भरतकामाचं कापड घालून ठेवलं होतं. दिवाळीपर्यंत काम नाही आलं तर विकून टाकू, असं अंबडच्या कारखान्यातून दमून आलेला राकेश रोज एकदा म्हणायचा आणि पायल रोज एकदा खाली मान घालायची.

काम आलं ते माझ्यामुळे, हे मी लपवणार नाही. माझी जुनी विद्यार्थिनी दिशा कुलथे पुण्यात हवामानावर संशोधन करत होती. शंभर वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाजवळच्या एका वस्तीत कुणीतरी रोज तीन वेळा थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहून ठेवला होता. त्या वह्यांच्या झेरॉक्सचे गठ्ठे दिशाकडे आले होते आणि तिला ते आकडे कॉम्प्युटरमध्ये हवे होते.

"जुनी थंडी नीट कळली तरच आताची ऊब किती नवी आहे ते सांगता येईल," तिनं पायलला समजावलं. "प्रत्येक पान दोघांनी टाईप करायचं, पण एकमेकांना न विचारता. पुण्यात आम्ही दोन्ही प्रती जुळवू. फरक पडेल तिथं मूळ पान बघू. पहिला गठ्ठा नीट झाला, तर पुढची सगळी वर्षं तुमच्याकडेच."

दुसरा माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता. सावळीरामनं बाह्या सरसावल्या.

सकाळी स्वयंपाक उरकून पायल बसायची आणि संध्याकाळी कोर्टातून आल्यावर सावळीराम. तो कळफलकावर अशी बोटं आपटायचा की मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं. मग चहा झाला की सासरा-सुनेचा ताळा. सावळीराम आपले आकडे खड्या आवाजात वाचायचा, "उणे एकतीस, उणे तेहेतीस," आणि पायल तिची प्रत समोर उघडून ऐकत बसायची. एकदाही तिनं थांबवलं नाही. "पोरगी चुकतच नाय, गुरुजी," तो कौतुकानं सांगायचा. एकमेकांना विचारायचं नाही असं दिशानं बजावलं होतं, पण ताळा म्हणजे विचारणं नव्हे, अशी त्याची पक्की समजूत होती. खरं तर हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

फ्लॉप्या पुण्याला गेल्या आणि थोड्याच दिवसांत दिशा स्वतः आली. चेहरा उतरलेला.

"सर, दोन्ही प्रतींत एकही फरक नाही," ती माझ्याकडेच आधी बोलली. "माणसं आहेत, चुकणारच. दोघं वेगवेगळ्या जागी चुकतात, म्हणून तर दोघं लागतात. यांच्या प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळतात आणि मूळ पानाशी मात्र पुष्कळ ठिकाणी जुळत नाहीत. एकानं टाईप केलं आणि दुसऱ्याच्या नावानं नक्कल दिली, असाच याचा अर्थ होतो."

शेजारी जाऊन तिनं हेच सौम्य शब्दांत सांगितलं. सावळीराम ताडकन उठला. "मॅडम, लय झालं! आख्खी जिंदगी कोर्टात काढली, कुणी खोट्या नकलेचा आळ घेतला नाय. पायल, सांग मॅडमला, तू टाईप केलं का नाय?"

पायल ओट्याजवळ उभी होती. पुसलेला कप पुन्हा पुसत. राकेश कॉम्प्युटरकडे बघत होता. आता हा जाणार, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि पायलच्याही.

मला राग आला. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? चुकलेल्या पानांतलं एक पान दोघांना दोन खोल्यांत बसवून पुन्हा उतरवायला द्या. सावळीरामला मी माझ्या घरी नेलं. पायलपाशी दिशा बसली. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

जानेवारीचं पान होतं. उणे एकतीस, उणे तेहेतीस इथपर्यंत दोघांचं सारखं. पुढं पायलच्या कागदावर उणे तीन होतं आणि सावळीरामच्या कागदावर उणे तीस. मूळ पानावर स्वच्छ अक्षरात उणे तीन.

"हे तीस कुठून आणलंत?" दिशानं विचारलं.

"आणलं कुठून म्हणजे? दुरुस्त केलं," सावळीराम म्हणाला. त्याला यात काही वावगं वाटतच नव्हतं. "आमच्या निफाडची थंडी बी अशी एका रात्रीत उतरत नाय. एकदा आली की मुक्कामच टाकते. तिथं तर ध्रुव हाय. बिचारा तीनापुढचं शून्य लिहायला विसरला. बोटं गारठली असतील त्याची."

दिशानं त्याच ओळीच्या शेवटी लिहिलेली शेऱ्याची चार इंग्रजी अक्षरं दाखवली. शेरे टाईप करायचे नव्हते, म्हणून ती कुणी वाचलीच नव्हती. दक्षिणेकडून जोराचा वारा, असं तिथं लिहिलं होतं.

"असं कधी कधी होतं, काका. ऐन हिवाळ्यात खालून ऊबदार वारा घुसतो. शंभर वर्षांपूर्वी तो कितीदा घुसायचा, तेवढंच मी शोधतेय. आणि तुम्ही नेमका तोच पुसलात."

सावळीराम खाली बसला. पायलचा कागद त्यानं जवळ ओढला. मग सुनेकडे वळला. "आणि तू? तुझ्याकडं तर तीनच होतं. ताळ्याला बोलली का नाय?"

"तुम्ही वाचायचे, आबा, आणि मी माझा आकडा बदलून टाकायचे," पायल म्हणाली.

"सगळीकडं?"

"सगळीकडं. तुम्हाला चुकलं कसं म्हणू?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून रोज आकडे वाचणाऱ्या या माणसाला आपली सून रोज संध्याकाळी खरं खोडते आहे, याचा पत्ता नव्हता. सावळीराम दिशाला एवढंच म्हणाला, "सगळं नव्यानं करून देतो. तवर काम काढून घेऊ नका. पोरीचं काम हाय ते."

दिशानं काढून घेतलं नाही. सावळीरामनं पुठ्ठ्यात एक फट कापली. ती पानावर ठेवली की एकच आकडा दिसायचा, मागचा-पुढचा नाही, म्हणजे अक्कल चालवायला वावच नाही. ताळा बंद झाला. आता फरकांची यादी पुण्याहून यायची आणि दोघं मूळ पान बघून निकाल लावायचे. पहिल्या यादीला मी हजर होतो. पायलनं पान बघितलं आणि पुटपुटली, "माझंच चुकलं असेल."

"असेल नाय. पान काय म्हणतं?"

"आबा, जरा बघता का..."

"मी नाय बघणार. तू सांग."

तिनं फटीचा पुठ्ठा पानावर पुन्हा एकदा ठेवला. मग एका दमात म्हणाली, "आबा, तुमचं चुकलं."

"हां! लिही," सावळीराम म्हणाला आणि चहा मागितला. चहा राकेशनं केला.

कॉम्प्युटर विकला गेला नाही. कामही पुढची काही वर्षं चाललं. शेवटी दिशानं त्या वस्तीच्या एका हिवाळ्याचा आलेख चौकट करून पाठवला. सावळीरामनं तो बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावला. नात सृष्टीच्या वाढदिवसाला सिन्नरचे पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं आलेखात मध्येच वर गेलेल्या टोकाला बोट लावून विचारलं, "हे काय हाय?"

सावळीरामनं आत हाक मारली. "पायल, ये गं. सांग पाहुण्यांना."

पायल पिठाचे हात पुसत बाहेर आली. खोलीभर पाहुणे, सगळे सासरचे. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "तिथं आबा चुकले होते."

पाहुणे गोरेमोरे झाले. सावळीराम मात्र खुर्चीत ताठ बसला आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, "ऐकलं ना?"