शाळा सोडण्याचे कारण

नातीने काल मोबाईलवर विद्यार्थ्यांसाठीची जीवाश्मांची वेबसाइट उघडली. नर्मदेच्या खोऱ्यात एके काळी समुद्र होता, असे तिने वाचले, आणि खाली दगडात रुतलेल्या शंखाचे चित्र होते. नर्मदेजवळच्या डोंगरात, मोलगीकडे मी शिक्षक असताना पाड्यावरच्या एका मुलीने असाच शंख रुतलेला, मातकट वासाचा दगड माझ्या टेबलावर ठेवला होता. "सर, आमच्या डोंगरावर समुद्र होता का?" "तुन्हा डोंगरवर समुद्र? मंग दोन मासा बी लई ये!" मासेही घेऊन ये, असे मी माझ्या अहिराणीत म्हणालो. वर्ग खदखदून हसला. तिने दगड ओढणीत गुंडाळला आणि ती पुन्हा शाळेत आली नाही. रजिस्टरमध्ये मी डोंगरातल्या मुलांसाठी नेहमी लिहायचो तेच कारण लिहिले: पालकांचे स्थलांतर. तिचे आईबाप तर शाळेमागच्या टेकडीवरच राहत होते. कारण मी होतो, हे आज लिहितो.