थर्मासातला चहा

सातवीण फुलली की दिल्लीकडच्या हवेला एक जड, गोडसर गंध चढतो. इतरांना त्यात दिवाळीची चाहूल लागते, मला मात्र गेल्या दिवाळीपर्यंतचा माझाच श्वास आठवतो. फरीदाबादच्या आमच्या घराखालीच हे झाड आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे मी खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली, तरी जीव थाऱ्यावर येईना, कारण थोड्याच वेळात मराठी मंडळाच्या दिवाळी पहाटेला मला पेटीची साथ करायची होती, आणि दारू सुटल्यापासून मी पेटीला हात लावला नव्हता.

भीती अगदी साधी होती. इतकी वर्षं वाजवत होतो तो मी, की माझ्या पोटातली दारू? कार्यक्रमाआधी थर्मासातले काही घोट घेतले की बोटं पट्ट्यांवरून बेदरकार धावत आणि लोक वाहवा करत. थर्मासात चहा आहे असंच सगळे समजतात, असं मी समजत असे. आता त्या बोटांत काहीच उरलं नसेल तर?

न्हाऊन बाहेर आलो तर पत्नीने, मेधाने, दाराशी कारीट ठेवलेलं. म्हणजे नरकासुर, डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचा आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा. पण इथे खरं कारीट मिळत नाही, म्हणून त्याच्या जागी हरियाणातली काचरी नावाची रानकाकडी येते, आणि पिकलेली काचरी लागते आंबटगोड. दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलीला नरकासुर चविष्टच वाटतो. मी मात्र त्या क्षणी कडवटपणासाठी आसुसलो होतो. जीभ नेमकं काय मागते आहे ते मला कळत होतं, आणि त्याची मला चीड येत होती. मेधाने तोच जुना थर्मास चहाने भरून माझ्या हातात दिला.

सभागृहामागच्या खोलीत सुलभाताई तंबोरा जुळवत होत्या. सरकारी नोकरीतून केव्हाच निवृत्त झालेल्या, मंडळाच्या जुन्या गायिका. दर दिवाळीला त्या गात आणि मी साथ करीत असे. मी हात मांडीखाली दाबून बसलो, उठलो, दारापर्यंत गेलो, बाहेरही सातवीण दरवळत होती म्हणून परत आलो. अखेर म्हणालो की आज दुसऱ्या कुणाला तरी बसवा. त्यांनी तारेवरची नजरही उचलली नाही.

"थर्मास आणलायस ना? चलो, थोडा चहा दे मलापण."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधीच चहा मागितला नव्हता. माझे कान तापले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक दिवाळीला ठाऊक होतं. झाकणात ओतताना माझा हात थरथरला आणि चहा सतरंजीवर सांडला. त्यांनी झाकण ओठांशी नेलं तेव्हा त्यांचाही हात थरथरत होता.

"गाण्याआधी मला असंच होतं," त्या म्हणाल्या. "बिल्कुल पहिल्यापासून."

मग आम्ही रंगमंचावर जाऊन बसलो. मी भाता ओढला. बोटं अडखळली, एक पट्टी चक्क चुकली, आणि पुढे धावण्याची हिंमत उरली नव्हती म्हणून थांबून त्यांच्या सुराची वाट पाहिली. तेव्हा ऐकू आलं की सूर लावण्याआधी त्या एक छोटासा, भ्यालेला श्वास घेतात. त्या श्वासामागून गेलं की सूर सापडत होता. इतकी वर्षं शेजारी बसून तो मला कधी ऐकूच आला नव्हता. मी आपल्याच तारेत पुढे पळत होतो, आणि माझा तोल जाऊ नये म्हणून त्या आपलं गाणं माझ्या मागून आणत होत्या. इतकी वर्षं साथ त्यांनी केली होती.

बाहेर उजाडत होतं. सुलभाताईंनी पुढच्या गाण्यासाठी श्वास घेतला, आणि मी पट्ट्यांवर बोटं ठेवून वाट पाहत राहिलो.