पाण्यानं खाल्लेलं पोलाद

चंद्राबाईचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. सातला ती बेंगळुरूजवळच्या आनेकलच्या कारखान्यात टर्बाइनच्या चाकात हात घालून बसलेली असायची. मलनाडच्या डोंगरातल्या एका धरणाच्या वीजघरातली चाकं तिथं दुरुस्तीला येत. पात्यांना पडलेले खड्डे वेल्डर भरी, चंद्राबाई ग्राइंडरनं घासून सारखे करी. दोन पात्यांमधल्या सांदीत पुरुषांचा खांदा अडकायचा, तिचा हात जायचा. एका चाकाला सव्वीस दिवस. पात्यावर पत्र्याचा साचा टेकवला की मधून उजेड दिसता कामा नये. दिसला तर पुन्हा भरणं, पुन्हा घासणं.

खड्डे पाण्यानं पाडले, असं सगळे म्हणत. तिला पटेना. गंज ती ओळखत होती. हे खड्डे मधाच्या पोळ्यासारखे आणि आतून लखलखीत.

"बुडबुडे फुटतात, अक्का," फोरमन नागराज म्हणाला.

"बुडबुड्यानं पोलाद जातं? मग भांडी घासून माझे हात कधीच गेले असते."

"तुम्हाला पगार घासायचा मिळतो, विचारायचा नाही."

"घासते हातानं. तोंड मोकळंच असतं की."

नागराज हसला. पण त्यानंही ते वीजघर पाहिलं नव्हतं. कारखाना मजुरांना तिकडे पाठवत नसे. तिनं ठरवलं, आपल्या पैशानं जायचं आणि काय ते समजून घ्यायचं. नागराजनं ओळखीनं पास तेवढा मिळवून दिला.

वीजघरातला ऑपरेटर श्रीवत्स म्हणाला, "चाक दिसणार नाही, अक्का. ते पोलादी आवरणाच्या आत असतं." तिचा चेहरा उतरला. तसा तो तिला खालच्या मजल्यावर घेऊन गेला. "इथं हात लावा."

तिसऱ्या मशीनखालच्या जाड पाइपावर तिनं तळवा ठेवला. आत कुणी खडी ओतत होतं.

"दगड आलेत हो आत."

"एकही नाही. बुडबुडेच ते. बेंगळुरूची मागणी घटकेत वर, घटकेत खाली. तसं हिला पळवायचं, आवरायचं. त्यात पाण्यात बुडबुडे होतात आणि पात्यावर आपटून फुटतात. हिचं चाक खाल्लं गेलंय, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येईल."

शेजारच्या मशीनमध्ये गेल्या वर्षी तिनं घासलेलं चाक होतं. तिथं तिनं आधी तळवा लावला, मग कान. एकसारखी घरघर, बाकी काही नाही.

"सरी, पटलं," ती म्हणाली, आणि पुन्हा तिसऱ्या मशीनकडे गेली.

दोन महिन्यांचा ओव्हरटाइम बसच्या तिकिटांत आणि बिनपगारी रजेत गेला. त्यात तिला पाऊण तास मिळाला, दोन मशीनच्या मधला. एकदा इकडे हात, एकदा तिकडे.