नांदुरीपर्यंत

नारळ हातात आला की आप्पा तो आधी कानाशी धरून हलवत. आतलं पाणी वाजलं की मान डोलावत आणि विचारत, "बोल, आईला काय सांगू?"

आई म्हणजे सप्तशृंगी. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळे खानदेशातले आणि सगळ्यांची पोटं कापड विणायच्या लूमवर. चैत्रात गडावर चालत जावं असं घराघरात वाटे, पण सुट्टी मिळे एखाद्यालाच. ज्यांना जाता येत नसे त्यांचे नारळ आप्पा नेत. कुणाचा कुठला हे कळावं म्हणून नारळाला त्या घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, ही त्यांची रीत. भरलेली पिशवी पाहून वाटे, हा माणूस देवीला निघालाय की बोहारणीबरोबर?

दुसरी रीत कडक होती. नारळ घेऊन उंबरा ओलांडला की मागे फिरायचं नाही.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या हाती आपलं मागणं निर्धास्त सोपवावं. शेजारचा एक जण त्यांना म्हणाला, "आप्पा, बायको फार बोलते, तेवढं आईला सांगा." आप्पा पिशवीतल्या त्याच्या बायकोच्या नारळाकडे बोट दाखवून म्हणाले, "तिनाबी नारळ शे आठे. तिनं काय मांगं, ते तिलेच इचार." त्यानंतर त्याने ती तक्रार पुन्हा केली नाही.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना माझ्या आईने माझ्यासाठी नारळ दिला. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. निकालानंतर पेढे घेऊन गेलो तर आप्पा म्हणाले, "अभ्यास तू केला, चाललो मी. अर्धी डिग्री माझी." आज मी पंख्याखाली बसून नोकरी करतो. ती अर्धी डिग्री मला कबूल आहे.

एवढं चालून काय मिळतं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "अरे, लूम चालू असले की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. तिथून देवाला काय ऐकू जाणार? जवळ जाऊनच सांगावं लागतं."

स्वतःचा नारळ मात्र ते कधी नेत नसत. "एवढ्या लोकांचं सांगता सांगता मीच दमतो. ती किती ऐकेल?"

मग ते वर्ष आलं. काकूंचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा, खोकला हिवाळ्यापासून हटला नव्हता. चैत्र लागला तेव्हा त्या दवाखान्यात होत्या, नाकाला नळी. आप्पांनी जायचं नाही असं ठरवलं. पण तोवर घराघरातून नारळ येऊन पडले होते. मी डबा घेऊन गेलो तेव्हा काकू धापा टाकत त्यांना सांगत होत्या, "लोकेसना नारळ घरमा ठेईसन मी बरी व्हसू का? तुम्ही जा. मी आठेच शे."

जवळच कामरेजला दिलेली त्यांची लेक काकूंजवळ दवाखान्यात राहायला आली. आप्पांनी पिशवी भरली, आणि त्या वर्षी पहिल्यांदा त्यात काकूंच्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेला एक नारळ होता.

पुढचं मला त्यांच्याबरोबर चालत गेलेल्या लोकांनी सांगितलं. नांदुरी गडाच्या पायथ्याला आहे. तिथे हातपाय धुऊन मंडळी चढायला निघणार, तोच लेकीचा फोन आला. काकू गेल्या होत्या.

आप्पांनी पिशवी खाली ठेवली आणि तिला हात लागू नये म्हणून ते मागे सरकले. सुतक लागलेल्या माणसाने देवीची पायरी चढायची नसते. "तुम्ही न्या," ते म्हणाले. मग दुरूनच एकेका चिंधीकडे बोट दाखवून कुणाचं काय मागणं ते त्यांनी सांगितलं. कुणाला मूल हवं होतं, कुणाचा भाऊ दारू पीत होता. सगळं सांगून झालं.

"हिरव्या चिंधीचा राहू द्या. त्याचं आता काम नाही."

मंडळी वर गेली. आप्पा मिळेल त्या गाडीने सुरतेला परतले.

दहावं व्हायच्या आधीच गल्लीत कुजबूज सुरू झाली. पिशवी आप्पांच्या खांद्यावर असतानाच सुतक लागलं, मग आपले नारळ आईला पोचले का? आप्पा दारातच बसलेले असत. त्यांच्या कानावर हे गेलंच असणार.

लेकीला त्यांनी एकच विचारलं, शेवटी ती काय म्हणत होती? लेक पदरात तोंड घालून म्हणाली, "तुम्ही कुठलोंग पोचनात, तेच इचारे." कुठपर्यंत, तर नांदुरीपर्यंत.

आप्पा पुन्हा लूमवर जाऊ लागले. कुणाशी भांडले नाहीत, देवीला शिव्या दिल्या नाहीत. घरातल्या तसबिरीसमोर दिवाही लावत. फक्त बोलायचं थांबले. मी समोर जाऊन बसलो तर थोडा वेळ माझ्याकडे बघत आणि मग माझ्या मागच्या भिंतीकडे.

पुढचा चैत्र आला. कुजबूज करणाऱ्यांनाही सुट्टी मिळाली नव्हती. आप्पांना विचारायची हिंमत कुणाला होईना, म्हणून सकाळी त्यांच्या उंबऱ्यापाशी लोकांनी आपापले नारळ ठेवले. माझ्या आईनेही ठेवला.

आप्पा बाहेर आले. हातात कपड्यांची पिशवी होती, पण गडाची नव्हे. ते खोली सोडून लेकीकडे कामरेजला राहायला निघाले होते. त्यांनी कुलूप लावलं. कुठल्याही नारळाला पाय लागू नये म्हणून भिंतीला धरून, जपून पावलं टाकत ते बाहेर पडले आणि चालू लागले.

नारळ संध्याकाळपर्यंत बंद दाराशी पडून होते. मग एकेक जण येऊन आपला उचलून नेऊ लागला, कुणी कुणाकडे न बघता. माझ्या आईने आमचा उचलला. चिंधीची गाठ सोडायला गेली आणि थांबली.

"आता हा कोणाकडे द्यायचा?" तिने विचारलं.

आणि गाठ तशीच ठेवून नारळ घरात नेला.