खड्डेवाला शिवशरण पंगतीला बसतो

वळसंग गावात मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्यानं समोरून शिवशरण येताना बघितला, की तो झटकन उकिडवा व्हायचा. आमच्याकडं लिंगायत माणसाला मांडी घालून बसवूनच पुरतात, आणि ते खड्डे चाळीस वर्षं शिवशरणच काढत आलेला. गडी नजरेनंच माप घ्यायचा. गुडघ्यांची रुंदी, डोक्याची उंची. त्याच्या मनात काही नसायचं, हाताला लागलेली सवय. शिंपीही माणसाच्या बाहीकडं बघतोच की. पण शिंप्याला बघून कुणाला कापरं भरत नाही.

खड्डा मात्र असा काढायचा, की कडा सारवल्यागत दिसाव्यात. माणूस गेला की आधी त्याच्याकडं धावायचे. लग्न निघालं की त्याचं दार चुकवून जायचे. शुभकार्यात हा कशाला, म्हणून पंगतीतलं जेवण डब्यात घालून त्याच्या घरी पोचतं व्हायचं.

"गंगे, डब्यातली हुग्गी गार असती बघ," तो बायकोला म्हणायचा. हुग्गी म्हणजे आमच्या लग्नातली गव्हाची खीर.

"चुलीवर ठिवू का मग?" गंगम्मा विचारायची.

"तसं न्हवं गं."

ती समजायची, पण चुलीवर ठेवायचीच. साठी उलटली तरी शिवशरण एकाही लग्नात पानावर बसला नव्हता. आणि आता गावातले थोरले आप्पा धाकट्या लेकीचं लग्न काढून बसले होते. आप्पांच्या आईबापाचे खड्डे शिवशरणनंच काढलेले. ह्या पंगतीला तरी बोलावणं यावं, एवढं त्याच्या मनात होतं.

त्याच साली, म्हणजे चौऱ्याहत्तरला, मुंबईची एक सिनेमा कंपनी गावात उतरली. तिच्या साहेबाचं नाव ईश्वर. एक जुना गाजलेला इंग्रजी सिनेमा तो आपल्या मुलखात नव्यानं काढणार होता. गोष्ट अशी, की मेलेली माणसं जमिनीतनं उठतात आणि जित्यांना खातात.

"दुष्काळात जित्यांना खायला मिळालं न्हाय, ह्यास्नी मेलेल्यांची काळजी," गंगम्मा म्हणाली.

मेलेले म्हणून गावातली वीस माणसं घेतली. बहात्तरच्या दुष्काळातनं नुकतीच सावरलेली, त्यामुळं गाल आत गेलेले दाखवायला वेगळा रंग लागला नाही. आप्पांना गावच्या प्रमुखाचं काम मिळालं. मेलेल्यांनी त्यांना घेरायचं आणि खायचं. त्यासाठी आप्पांनी नवा फेटा बांधला आणि अक्कलकोटापर्यंतच्या पाव्हण्यांना सांगावे धाडले. खऱ्या स्मशानात पाऊल टाकू देणार नाही म्हणाले, म्हणून पडीक माळावर शिवशरणनं वीस खड्डे काढून दिले. रात्रीचा प्रसंग दिवसाच काढायचा होता, कॅमेऱ्याला निळी काच लावून.

साहेबानं हात केला. मेलेले खड्ड्यातनं वर आले, धोतरं झटकली, आणि समोर आप्पा दिसल्याबरोबर सगळ्यांनी हात जोडले. "शरणार्थी, आप्पा." शरणार्थी म्हणजे आमच्यातला नमस्कार.

"शरणार्थी. बसा की," आप्पा म्हणाले.

साहेबानं कॅमेरा थांबवला. मेलेला माणूस नमस्कार करत नाही, हे समजावून सांगितलं. परत सुरू केलं. ह्या वेळी हात खाली राहिले, पण मेलेल्यांतल्या रंभाबाईनं पदर कपाळावर ओढला आणि पाठ करून उभी राहिली. आप्पा तिचे चुलत सासरे लागायचे.

"बाई, तुम्ही मेलेल्या आहात," साहेब म्हणाला.

"मेले म्हणून काय झालं? सासऱ्याम्होरं उघड्या डोक्यानं जाऊ व्हय?"

तिसऱ्या वेळी पदर सुटला, तर चाल जमेना. सगळे असे ताडताड निघाले, जशी काही बाजारची गाडी चुकणार आहे. साहेब खुर्चीत मटकन बसला. म्हणाला, उन्हं उतरेपर्यंत जमलं नाही तर सामान उचलून वैरागला जातो, प्रमुख तिथलाच घेतो.

आप्पांचं तोंड उतरलं. पाव्हण्यांना काय सांगायचं? ते लांब उभ्या शिवशरणपाशी गेले.

"शिवशरणा, तुजा जलम मेलेल्यांत गेला. कायतरी सांग की ह्यास्नी."

"सांगतो. पर लेकीच्या लग्नात मला पंगतीत बसवायचं. डबा नगं."

आप्पांनी फेटा नीट केला. वैरागच्या दिशेला बघितलं. "बस की बाबा," म्हणाले.

शिवशरण खड्ड्यांपाशी आला. "तुमी झोपून उठताय, तितं चुकतंय. आपल्यात बसवून पुरत्यात. घाला मांडी." एकेकाला मांडी घालायला लावून त्यानं कमरेपर्यंत माती लोटली. वर बजावलं, "हलायचं न्हाय." कुदळ घेऊन दीड तास फेऱ्या मारत राहिला. कुणी कुरकुरलं की म्हणायचा, "ह्याच्या आदी कुणी तक्रार केली न्हाय."

मग साहेबानं हात केला. वीस जण मातीतनं वर यायला लागले, तर कुणाचे पाय कुणाला कळेनात. मांड्यांत मुंग्या, गुडघे लाकूड. हात पुढं करून, एक पाय ओढत, दात आवळून "अयाया" करत सगळे आप्पांकडं निघाले. धरायला दुसरं माळावर काहीच नव्हतं. रंभाबाई पदराबिदरासकट आप्पांच्या अंगावर कोसळली, तिच्यावर बाकीचे. आप्पा खरंच ओरडले. साहेब टाळ्या पिटत राहिला.

सिनेमा सोलापुरात चार दिवस चालला. निळ्या अंधारात चेहरे ओळखू येत नव्हते. आप्पांचा फेटा तेवढा दिसला.

पण त्याच्या आधी लग्न झालं. शिवशरण धुतलेलं धोतर नेसून पंगतीत येऊन बसला. शेजारचे दोघं हातभर सरकले आणि बसल्या जागी उकिडवे व्हायला बघायला लागले. पानावर जेवताना उकिडवं बसता येत नाही, म्हणून परत मांडी घातली. शिवशरणनं मापं घेतली असतील, मी शपथ घेणार नाही. पण हुग्गी वाढली तेव्हा तिच्यातनं वाफ निघत होती. त्यानं तीनदा मागितली.

वाढपी निवांत होते, पंगत लांबली. आणि उठायची वेळ आली तेव्हा अख्ख्या पंगतीच्या पायांना मुंग्या. म्हातारे हात पुढं करून, पाय ओढत, अयाया करत मांडवातनं निघाले, आणि बायकांच्या बाजूनं रंभाबाई फिसकन हसली. मग मांडवच हसायला लागला.

पाव्हण्यांच्या आग्रहानं त्याच पंगतीत बसलेल्या आप्पांना तर उठताच येईना. त्यांनी शिवशरणकडं हात केला. "वढ की रं मला वर."

शिवशरणनं पानावरची हुग्गी बोटानं निपटली, बोट चाटलं.

"वढतो. पर आप्पा, माणसाला वर काडायची सवय न्हाय मला. जरा सांबाळून घ्या."