लपवलेला कोपरा आणि देसाईसाहेब

फोन आला तेव्हा आमच्या फाउंड्रीत ओतकाम चालू होतं. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात पडत असताना मध्येच थांबता येत नाही, थांबलं की साचा वाया. "ताई, देसाईसाहेब गेले... झोपेतच," पलीकडून त्यांचा पुतण्या सांगत होता आणि इकडे मी हाताने खुणा करत होते, ओता, ओता, थांबू नका! शेवटचा साचा भरला, मग ऑफिसात जाऊन दार लावलं आणि पोटभर रडले. त्याला आता काही आठवडे झाले. आज लिहायला बसले तर रडू येत नाही. त्या माणसाची आठवण काढली की अंगात तरतरीच येते, त्याला मी तरी काय करू!

देसाईसाहेब एका पंप कारखान्याचे खरेदी-प्रमुख. मी त्यांना कास्टिंग पुरवणारी, वडिलांच्या मागे कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली फाउंड्री सांभाळणारी. ते कर्नाटक सीमेवरच्या गडहिंग्लजकडचे, त्यामुळे वयाने मोठे असूनही मला अक्का म्हणायचे. आवाज असा की त्यांनी केबिनमध्ये चहा मागवला तर गेटवर कळावं. खरेदीवाला म्हणजे भाव पाडणारा, ही आमची ठाम समजूत. एकाला दुसऱ्याची भीती दाखवायची आणि दोघांना झुंजवायचं, असं करणारे मी ढिगाने पाहिलेत. हे मात्र पहिल्याच भेटीत म्हणाले, "भावाचं बघू की मागनं. आधी सांगा, ह्ये बनवताना तुमाला तरास कुठं हुतो?" मला वाटलं, यात नक्की काहीतरी डाव आहे. उत्तर न देताच घरी आले.

त्यांच्या नव्या पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं बीडाचं कवच, दोन ठिकाणी बनायचं. एक माझ्याकडे आणि दुसरं जयसिंगपूरच्या पाटलांकडे. पाटील आणि मी लग्नाकार्यात समोर आलो तरी एकमेकांना ओळख दाखवत नव्हतो. आणि केसिंग तर गळत होतं! चाचणीत पाण्याचा दाब दिला की एका कोपऱ्यातून घाम फुटल्यासारखं पाणी यायचं. कारखान्याच्या मालकांनी सांगून टाकलं, शेवटचं एकदा करून बघा, नाहीतर काम कोल्हापूरबाहेर देतो. माझं अर्ध्याहून जास्त काम त्या केसिंगवर चालायचं. ते गेलं असतं तर एक भट्टी बंद करून बरीच माणसं घरी बसवावी लागली असती.

अशा वेळी साहेबांनी काय करावं? मला आणि पाटलांना एकाच गाडीत मागे बसवलं, पुढे त्यांच्या कारखान्याचे डिझायनर आणि स्वतः चालवायला. निघाले थेट आमच्या फाउंड्रीत. पाटील येणार म्हणून मी आधीच फोन करून आमच्या पॅटर्नवर, ज्यावरून वाळूचा साचा पाडतात त्यावर, पोतं टाकायला सांगितलं होतं. साहेबांनी ते बरोबर हेरलं. "अक्का, ह्येला थंडी वाजाय लागलीय व्हय?" म्हणत पोतं ओढलंच! आतला प्रकार असा होता की ड्रॉइंगमधला धारदार कोपरा मी गुपचूप थोडा गोल करून घेतला होता. त्याने तिथे बारीक छिद्रं कमी राहून गळती कमी व्हायची, पण ड्रॉइंग मोडलं म्हणून ऑर्डर जाईल या भीतीने मी अवाक्षर काढलं नव्हतं. आता संपलं सगळं, असं वाटून मी खाली बघत उभी राहिले. साहेबांनी त्या कोपऱ्यावरून नुसतं बोट फिरवलं आणि गाडी जयसिंगपूरकडे काढली. पाटील तर एकदम गप्पच झाले.

ते का गप्प झाले, ते जयसिंगपुरात कळलं... तिथेही पॅटर्नवर पोतं! आणि पोत्याखाली तोच कोपरा, तसाच गोल केलेला! साहेब वाळूच्या ढिगावर मटकन बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "दोघांनीबी त्येच केलं आनि दोघांनीबी लपीवलं! आनि आमी शाणे, वरनं त्येच ड्रॉइंग धाडतोय!" मग डिझायनरांकडे वळून म्हणाले, "चूक आपली हाय. कोपरा बदला." डिझायनर कुरकुरले. किती गोल करायचा, यावर पाटील आणि मी खडूने फरशीवर आकृत्या काढत जे भांडलो म्हणता! आमचं ते पहिलं बोलणं. साहेब मध्ये उभे राहून दोघांनाही चढवत होते. इतकी मजा मला धंद्यात त्याआधी कधी आली नव्हती.

नव्या कोपऱ्याचं केसिंग चाचणीला लावलं तेव्हा मालकही येऊन उभे राहिले. दाब वाढत होता. साहेब वाकून त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत होते. मग जे ओरडले, "कोरडं हाय! अक्का, पाटील, या की हिकडं, हात लावून बघा!" आम्ही दोघांनी एकदमच हात लावला. खरंच कोरडं! मी टाळ्या पिटल्या, पाटलांनी शिट्टी मारली आणि काम कोल्हापुरातच राहिलं. पुढे पाटलांची भट्टी बिघडली तर माझ्याकडे ओतायचं, माझ्याकडे वाळू कमी पडली तर त्यांनी पाठवायची, हे आपसूकच सुरू झालं. साहेबांनी ते कधी सांगितलंही नव्हतं.

परवा आम्ही दोघे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. खुर्चीत आता नवे अधिकारी आहेत, तरुण आणि हुशार. त्यांनी पाटलांना सकाळी आणि मला दुपारी बोलावलं होतं, अर्थातच वेगवेगळं. साहेब गेले आणि त्यांच्याबरोबर हेही संपतंय की काय, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नव्हती. सकाळी पाटलांना फोन केला आणि आम्ही दोघे एकत्रच गेलो. अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठी आली. "दोघं एकदम? तुमचं आपसांत काही ठरलंय का?"

मी सावरून बोलणार, तेवढ्यात पाटील बोलून गेले, तेही अशा दणदणीत आवाजात, जसा त्या खोलीने साहेब गेल्यापासून ऐकला नव्हता.

"व्हय, ठरलंय की! हितनं गळका पंप बाहीर जाऊ द्यायचा न्हाय. बसा आता, कसं त्ये दाखवतो."